स्टिकर नसलेली, हाताने बांधलेली जुनी स्टीलची रोड सायकल: कोणाची, कधीची, कशी ओळखायची?

नदीकाठ

नमस्कार मंडळी,

इंग्लंडहून पुण्यात आलेली एक जुनी रोड सायकल विकाऊ आहे. मूळ रंग गेलेला, वर जाड काळा पावडर कोट, स्टिकर एकही नाही. विकणारे गृहस्थ म्हणतात की ही टीआय-रॅले या व्यावसायिक शर्यतीच्या टीमसाठी रॅले कंपनीच्या एसबीडीयू या खास विभागात बांधलेली फ्रेम आहे, आणि किंमतही त्याच हिशेबाने सांगत आहेत. घेतलेली मापं देतो.

सीट ट्यूब बाहेरून २८.६ ते २८.९ मिमी (व्हर्निअर जिथे लावू तिथे वेगळं), वरची दांडी साधारण २५.६. सीटपोस्टवर २७.२ कोरलंय. बॉटम ब्रॅकेटचा शेल (पेडलचा आस बसतो ती आडवी नळी) ६८ मिमी रुंद. मागच्या दोन ड्रॉपआउटमध्ये (चाकाचा आस अडकतो त्या खाचांच्या पट्ट्या) आतून १२० मिमी अंतर, ड्रॉपआउटवर कॅम्पान्योलोचं नाव. शेलखाली चार आकडे ठोकलेत, सोबत अक्षर नाही. मागचा डिरेल्यूर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) कॅम्पान्योलोचाच नुओव्हो रेकॉर्ड, चाकं २७ इंची.

फ्रेम कोणाची असेल? सांगतात ते खरं मानावं का?

सुलटे_आटे

नाव शेवटी बघू. स्टिकर कोणीही लावतं, रंग कोणीही देतो, सुटे भाग तर दर पाच वर्षांनी बदलतात. नळीची जाडी आणि आटे मात्र बांधणाऱ्याने ठरवले तसेच राहतात. तिथून सुरुवात करा.

आधी व्हर्निअरबद्दल. पावडर कोटवर माप ०.२–०.३ मिमी जास्त येतं, आणि इथे नेमक्या तेवढ्याच फरकावर सगळं अवलंबून आहे. इंग्लिश आणि इटालियन फ्रेमची सीट ट्यूब बाहेरून २८.६ मिमी, म्हणजे एक इंच एक सूत. वरची दांडी २५.४, एक इंच. जुनी फ्रेंच फ्रेम असेल तर सीट ट्यूब २८.० आणि दांडी २६.०. जाड रंग चढवलेली फ्रेंच नळी सहज २८.३ दाखवते. रंगाचा टवका उडालेली जागा शोधून उघड्या लोखंडावर मोजा.

आता सीटपोस्ट. नळीच्या बाहेरच्या व्यासातून भिंतीची दुप्पट जाडी वजा करा, सीटपोस्ट सरकायला साधारण ०.२ मिमी सोडा. २८.६ वजा १.२ म्हणजे २७.४, त्यातून ०.२ गेले की २७.२. म्हणजे वरच्या टोकाला भिंत ०.६ मिमी. बटेड (म्हणजे जोडापाशी जाड, इतरत्र पातळ) नळीच, रेनॉल्ड्स ५३१ किंवा कोलंबस एसएल या नामांकित नळ्यांच्या तोडीची. कोलंबस एसपीची भिंत ०.७, म्हणून तिथे २७.०. रेनॉल्ड्स ७५३ आणखी पातळ, तिथे २७.४ सापडतो. साध्या एकसारख्या जाडीच्या १ मिमी नळीत २६.४ बसतो, आणि स्वस्त जाड पाइपात २५.४ च्या आसपास.

यात एक फसगत आहे. २६.४ चा सीटपोस्ट दिसला की लोक फ्रेम स्वस्त म्हणून टाकून देतात. पण २८.० च्या मेट्रिक नळीत २६.४ म्हणजे उत्तम बटेड नळी. फ्रान्सची पूजो पीएक्स-१० ही ५३१ चीच फ्रेम, आणि तिचा सीटपोस्ट २६.४ आहे. बाहेरचा व्यास ठाऊक नसेल तर सीटपोस्टच्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरं, सीटपोस्टवर कोरलेला आकडा म्हणजे नळीचं माप नव्हे. कोणीतरी लहान पोस्ट घालून बोल्ट आवळलेला असतो, मग सीट लगचे (लग म्हणजे नळ्यांच्या जोडावरची धातूची बाही) दोन्ही कान एकमेकांकडे झुकलेले दिसतात. पोस्ट बाहेर काढा आणि नळी आतून, फटीच्या खाली, दोन दिशांनी मोजा.

पाना_१५

फटीच्या खाली म्हणजे निदान ३० मिमी आत. तोंडाशी नळी नेहमी थोडी दबलेली असते.

नदीकाठ

चेनस्टेच्या (शेलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) वर टवका आहे तिथे सीट ट्यूब नेमकी २८.६. दांडी २५.४. पोस्ट काढला, आतून दोन्ही दिशांनी २७.३ च्या आसपास. लगचे कान समांतर आहेत.

सुलटे_आटे

मग नळी बटेड आहे आणि व्यास इंचाचा आहे. फ्रेंच नाही. आता बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट.

६८ मिमी शेल इंग्लिशही असतो, फ्रेंचही आणि स्विसही. इटालियन ७०. आटे असे:

इंग्लिश: १.३७ इंच × २४, उजवा कप (शेलमध्ये फिरवून बसवायची बेअरिंगची वाटी) उलट्या आट्यांचा.
इटालियन: ३६ मिमी × २४, दोन्ही सुलटे.
फ्रेंच: ३५ मिमी × १, दोन्ही सुलटे.
स्विस: ३५ × १, पण उजवा उलटा.

१.३७ इंच म्हणजे ३४.८ मिमी. ३५ शी फरक एवढा थोडा की जुन्या झिजलेल्या आट्यांवर व्हर्निअरने निकाल लागत नाही. कपच्या दर्शनी कडेवर बघा, कॅम्पान्योलोच्या कपवर माप कोरलेलं असतं. नसेल तर आट्यांचा गेज लावा.

शेल ६८ आणि आटे ३६ × २४ असं जुळलं तर घाबरू नका. इंग्लिश शेलचे आटे गेले की तोच शेल मोठ्या इटालियन मापाला पुन्हा कापून घेतात. ती दुरुस्ती आहे, इटालियन वंशावळ नव्हे. विक्रीच्या जाहिरातीत मात्र तिला ‘इटालियन’ म्हटलेलं अनेकदा दिसतं.

पाना_१५

आणि कृपा करून उजवा कप कोपऱ्यावरच्या दुकानात हातोडी-छिन्नीने काढायला देऊ नका. इंग्लिश उजवा कप सोडवायचा तर पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. सवयीने उलटा फिरवला की कप आणखी आवळला जातो, मग पाना घसरतो, पातळ कडा गोल होतात, आणि शेवटी छिन्नी येते. फिक्स्ड कपच्या सपाट कडा ३६ मिमीच्या आणि फार पातळ असतात. पाना बरोबर बसवून वरून बोल्ट आणि मोठा वॉशर लावून दाबून धरायचा, म्हणजे घसरत नाही. आदल्या रात्री आतून भेदक तेल सोडा.

ईस्ट_मिडलंड्स

मूळ दाव्याबद्दल. एसबीडीयू म्हणजे स्पेशलिस्ट बायसिकल डेव्हलपमेंट युनिट. १९७४ मध्ये डर्बीशरमधल्या इल्कस्टनला सुरू झालं, प्रमुख जेराल्ड ओ’डोनोव्हन. त्याआधी टीमच्या सायकली वर्कसॉपला, रॅलेने १९६० मध्ये घेतलेल्या कार्लटनच्या कारखान्यात बनत. योप झूटेमेल्कने १९८० ची तूर द फ्रान्स जिंकली ती याच टीमकडून.

इल्कस्टनच्या फ्रेमवर शेलखाली ‘एसबी’ ही रोमन अक्षरं आणि पुढे आकडा असतो. वर्कसॉपच्या त्या काळातल्या फ्रेमवर नंबर डब्ल्यूने सुरू होतो. तुमच्याकडे नुसते चार आकडे आहेत. दुसरं, टीमच्या ओळखीशी जोडलेली ७५३ नळी. ती असती तर आतलं माप २७.६ च्या जवळ आलं असतं. ७५३ ही उष्णतेची प्रक्रिया केलेली नळी, फार तापवली की तिची ताकद जाते, म्हणून ती चांदीच्या भरणाने (जोडात वितळवून सोडायच्या धातूने) कमी तापमानाला जोडत, आणि कारागिराला आधी नमुन्याचा जोड रेनॉल्ड्सकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागे.

म्हणजे दाव्याला आधार एकही नाही. दावा बाजूला ठेवून फ्रेम बघा, ती चांगली दिसते आहे.

जाता जाता: टीआय म्हणजे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स. तेव्हा रेनॉल्ड्स त्यांचीच होती, रॅले १९६० पासून त्यांचीच होती, आणि आपल्याकडे हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए बनवणारी मद्रासची टीआय सायकल्स ही १९४९ मध्ये सुरू झालेली त्यांची भागीदारी होती. जुन्या स्टिकरवर ‘टीआय रेनॉल्ड्स’ दिसलं तर ते हेच टीआय.

पितळी

नदीकाठ, लगचे फोटो उजेड तिरका ठेवून काढा ना. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत कारागिरी दिसत नाही.

नदीकाठ

टाकलेत. हेड लग दोन, सीट लग, सीटस्टेची (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्यांची) टोकं, शेल आतून, चिमट्याचा (पुढच्या फोर्कचा) मुकुट.

पितळी

धन्यवाद. बघण्यासारखी फ्रेम आहे.

लग लांब टोकाचे, साधे. कारखान्यातून दाबून आलेला लग टोकाला साधारण दीड-दोन मिमी जाड असतो आणि त्याची कड चौकोनी असते. तुमच्या फोटोत खालच्या हेड लगचं टोक बघा: जाडी टोकाकडे कमी कमी होत गेली आहे आणि शेवटी नळीत मिसळते, पावडर कोटखालीसुद्धा पायरी जाणवत नाही. हे कानशीचं काम आहे, आणि ते जोडण्याआधी केलेलं आहे. जोडल्यानंतर घासलं असतं तर टोकालगतच्या नळीवर कानशीचे ओरखडे आणि खळगा आला असता, जो ०.६ मिमीच्या भिंतीला परवडत नाही. टोक पातळ करण्यामागे दिसण्याइतकंच बळाचं कारणही आहे. जाड लगापासून पातळ नळीपर्यंत ताण एकदम न उतरता हळूहळू उतरतो, म्हणून लगच्या टोकाशी तडा जात नाही.

मग भरण. चांगल्या जोडात पितळ लगच्या कडेने एक बारीक सलग रेघ म्हणून बाहेर येतं. गोळे राहिले तर भरण जास्त झालंय आणि साफ केलेलं नाही. मध्ये रेघ तुटली तर तिथे भरण पोचलेलंच नाही, आणि पुढे तिथूनच गंज आत शिरतो. पावडर कोटमुळे रंग दिसत नाही, पण टाचणीच्या टोकाने कड चाचपता येते. सीट लगच्या फोटोत डाव्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात, एक बारीक खाच दिसते. ती तपासा.

शेलच्या आतला फोटो सगळ्यात बोलका आहे. सीट ट्यूब आणि डाउन ट्यूब (हँडलकडून शेलकडे येणारी तिरकी नळी) शेलमध्ये एकमेकींना भिडेपर्यंत गोलाईत कापलेल्या आहेत, मध्ये फट नाही. घाऊक उत्पादनात नळी सरळ कापून शेलमध्ये खुपसतात आणि मधली पोकळी तशीच सोडतात. इथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी कारागिराने वेळ दिलाय. शेलच्या बाहेर, प्रत्येक नळीच्या मुळाशी एकेक बारीक ठिपका दिसतो का? ती खिळ्याची खूण. जोडण्याआधी नळ्या जागेवर धरून ठेवायला बारीक खिळे मारत. उघड्या भट्टीवर ब्रेझिंग (पितळ वितळवून जोडणी) करणाऱ्या इंग्लिश कार्यशाळांमध्ये ही पद्धत रुळलेली होती, डर्बीच्या मर्शियनमध्येही. पण नुसत्या खिळ्यावरून मर्शियन म्हणू नका, इतरही अनेकजण खिळे वापरत.

सीटस्टेची टोकं आतून खोलगट, कटोरीसारखी, आणि दोन्ही बाजूंची खोली सारखी. ही टोकं बहुधा कारागीर स्वतःच्या हाताने घडवायचा, म्हणून कोणी बांधली हे शोधताना लगपेक्षा ती जास्त उपयोगी पडतात.

सुलटे_आटे

याला जोड: लग हा बाजारात विकत मिळणारा भाग आहे. नर्व्हेक्स प्रोफेशनलचे नक्षीदार लग पूजोपासून लंडनच्या लहान दुकानांपर्यंत शेकडो जणांनी वापरले. प्रुन्या, बोकामा, हेडन यांचंही तसंच. त्यामुळे ‘हेच लग अमुक फ्रेमवर पाहिलेत’ हा पुरावा नाही. अपवाद मोजके. हेचिन्सची वेलबुट्टी आणि वळणदार मागचे स्टे, कोलनागोचं तीन पानी चिन्ह, दे रोझाचं बदाम. ही खूण लगमध्येच कापलेली किंवा शेलवर कोरलेली असते, रंगाबरोबर जात नाही.

चिमटा काढलाय का? नळीवर कबुतराची खूण असेल, किंवा मुकुटाखालून आत बघितल्यावर पाच वळणदार कडा दिसल्या, तर कोलंबस. गुळगुळीत असेल तर रेनॉल्ड्स ५३१ ची शक्यता वाढते, पण सिद्ध होत नाही.

नदीकाठ

चिमटा काढला. आतून गुळगुळीत. स्टिअररवर (चिमट्याच्या वरच्या नळीवर) तेच चार आकडे ठोकलेत जे शेलखाली आहेत. स्टेम २२.२, हेडसेट कॅम्पान्योलो. बीबी कपवर १.३७ × २४ कोरलंय.

पितळी

उत्तम! चिमटा मूळचा आहे. जुन्या सायकलीत चिमटाच आधी वाकतो आणि आधी बदलला जातो, त्यामुळे नंबर जुळणं ही मोठी गोष्ट आहे. चिमट्याच्या पायांचा छेद मुकुटाखाली मोजून घ्या. इंग्लिश पद्धतीचा अरुंद, साधारण २९ × १६ मिमी. रुंद, २८ × २० च्या आसपास आला तर त्याला कॉन्टिनेंटल म्हणतात.

ईस्ट_मिडलंड्स

आता काळ. फ्रेमवरूनच बघूया, भागांवरून नंतर. वरच्या दांडीवर ब्रेकच्या केबलसाठी ब्रेझ केलेल्या कड्या आहेत का? बाटलीची भोकं? मागच्या ब्रेकच्या पुलाचं भोक मागून मोठं आहे का?

नदीकाठ

दांडीवर काही नाही, केबल क्लिपने बांधली आहे. बाटलीचे बोल्ट नाहीत. गिअर लिव्हरसाठी पट्टा, डाउन ट्यूबवर खाली एक बारीक अडसर. पुलाचं भोक दोन्ही बाजूंनी सारखं. मडगार्डसाठी मागे एकेक कान.

ईस्ट_मिडलंड्स

मग सत्तरच्या दशकाच्या मध्याआधीची धरा. दांडीवर कड्या ब्रेझ करायची रीत त्यानंतर रुळली. कड्यांसाठी तापवल्याने पातळ नळी कमकुवत होते असं त्याआधी अनेक कारागीर मानत. ॲलन कीने बसणाऱ्या ब्रेकसाठी मागून मोठं केलेलं भोक साधारण १९८० च्या सुमाराचं. १२० मिमी म्हणजे पाच गिअरचं हब. सहा-सातसाठी १२६ झालं, आठसाठी १३०. मडगार्डचा कान म्हणजे क्लबची सायकल: रविवारी शर्यत, बाकी आठवडा रस्त्यावर. निव्वळ शर्यतीच्या फ्रेमला कान नसे.

भागांच्या तारखा बघायच्याच तर नुओव्हो रेकॉर्ड डिरेल्यूरवर पेटंट या शब्दापुढे दोन आकडी वर्ष असतं. हबच्या लॉकनटवर ‘सीएएम’ आणि वर्ष. क्रँकच्या मागे चौकटीत एक आकडा: शंकरपाळ्याच्या आकारात असेल तर सत्तरचं दशक, गोलात असेल तर ऐंशीचं. तिन्ही एका-दोन वर्षांत जुळले आणि फ्रेमच्या खुणांशी पटले तरच तारीख म्हणा. एकटा डिरेल्यूर काही सांगत नाही, तो दहा मिनिटांत बदलता येतो.

नदीकाठ

डिरेल्यूर ७२. हबच्या लॉकनटवर वर्ष नीट वाचता येत नाही. क्रँकवर शंकरपाळा, आत ३.

ईस्ट_मिडलंड्स

हब वाचता आलं नाही, तरी उरलेले दोन १९७२–७३ सांगतात आणि फ्रेमच्या खुणांशी पटतं. एसबीडीयू तेव्हा सुरूही झालं नव्हतं.

पाना_१५

पैसे देण्याआधी फ्रेमला मार बसलाय का ते बघा, बाकी सगळं नंतर.

डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाने, हेड लगच्या मागे साधारण ३ ते ५ सेमीवर, बोटाचं टोक सावकाश फिरवा. आडवी लाट लागली तर समोरून धडक झाली आहे. तीच खूण वरच्या दांडीच्या खालीही येते. बटेड नळी जिथे जाड भाग संपून पातळ होते तिथेच दुमडते. पावडर कोट ही लाट डोळ्यांपासून लपवतो, बोटापासून लपवू शकत नाही.

मागचा त्रिकोण दोऱ्याने तपासा. एका ड्रॉपआउटला दोरा बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. दोरा आणि सीट ट्यूब यांतलं अंतर दोन्हीकडे मोजा. १ मिमीपर्यंत फरक चालतो. ३–४ आला तर आधी ड्रॉपआउट एकमेकांना समांतर आहेत का बघा, मग फ्रेमला दोष द्या.

उजव्या ड्रॉपआउटवर डिरेल्यूर अडकतो त्या भोकाभोवती आणि चेनस्टेला जोड आहे तिथे भिंगाने तडे शोधा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर तिथला रंग खरवडून बघायचाच.

नळी टिचकी मारून वाजवून पारखायचा प्रकार सोडा. पावडर कोट, आतला गंज, घट्ट हेडसेट, सगळ्यांनी आवाज बदलतो. त्यापेक्षा वजन करा. साधारण ५६ सेमीची बटेड ५३१ फ्रेम चिमट्याशिवाय २ किलोच्या आसपास भरते.

नदीकाठ

फ्रेम २.०५ किलो, चिमटा वेगळा ७०० ग्रॅम. लाट कुठेच लागत नाही, दोऱ्याचा फरक अर्धा मिमी. सीट लगच्या कोपऱ्यातली खाच टाचणीने तपासली, ती फक्त रंगातली आहे, खाली पितळ सलग लागतंय.

चाकं २७ इंचीच ठेवू की ७०० सी?

सुलटे_आटे

२७ इंची रिमचा बीड (टायरची कड बसते तो व्यास) ६३० मिमी, ७०० सी चा ६२२. त्रिज्येत फरक ४ मिमी, तेवढे ब्रेकचे पॅड खाली यायला हवेत. पुलाच्या भोकापासून रिमच्या ब्रेकच्या पट्ट्यापर्यंत मोजा. आत्ता ४५ च्या आसपास येत असेल तर ७०० सी वर ४९ होईल, आणि ४७–५७ मिमीचे ब्रेक व्यवस्थित बसतील. शर्यतीला ट्यूब्युलर चाकं लावता यावीत म्हणून बऱ्याच क्लब फ्रेम मुळात त्याच मापाने बांधलेल्या असत; त्या रिमचा व्यास ७०० सी इतकाच असतो.

टायरसाठीही तेच सोयीचं. आपल्याकडच्या जुन्या २८ × १½ चा बीड ६३५, तो २७ इंचीवर बसत नाही. ६३० चे टायर शोधावे लागतात, ७०० सी कुठेही मिळतात. जुनी चाकं मात्र फेकू नका, हबसकट जपून ठेवा.

मागच्या हबवर फ्रीव्हील बसवताना आटे बघा. इंग्लिश १.३७ × २४ आणि इटालियन ३५ × २४ एकमेकांवर चढतात, पण आलटून पालटून बसवत राहिलं तर सैल होत जातात. फ्रेंच ३४.७ × १ वर दोन्हींपैकी काहीच चढवू नका. अर्धा फेरा जाईल, मग हबचे ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतील.

पाना_१५

घेतलीत तर पावसाळ्याआधी एक काम करा. बीबी, हेडसेट, सीटपोस्ट काढा, शेलमधला भुसा आणि गंजाची भुकटी झटका. बाजारात ‘बॉइल्ड लिनसीड’ म्हणून मिळणारं जवसाचं तेल प्रत्येक नळीत, स्टेच्या हवेच्या भोकांतूनसुद्धा, सोडा आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा. एक रात्र निथळू द्या, मग चार-पाच दिवस वाळू द्या. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. कोकणपट्टीत किंवा मुंबईत सायकल राहणार असेल तर हे दर दोन वर्षांनी. पाणी सीटपोस्टच्या फटीतून आत येतं आणि शेलमध्ये साचतं, त्यामुळे शेल आतूनच कुजतो.

सीटपोस्ट आणि स्टेम ॲल्युमिनियमचे, फ्रेम लोखंडाची. मध्ये ग्रीस नसेल तर दोन्ही धातू पकडतात. स्टेम कधी अडकला तर बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून त्यावर लाकूड ठेवून हातोडीने खाली ठोका, पाचर सुटते. दिव्याची ज्योत लावू नका. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, तापवल्यावर आणखी आवळेल. उलट स्टेमला बर्फ लावा.

नदीकाठ

ब्रेकचं माप ४५ च आलं. विकणाऱ्यांना नंबर, नळीचं माप आणि तारखा दाखवल्या. टीमची सायकल नाही हे त्यांनी मान्य केलं आणि बिननावाच्या इंग्लिश क्लब फ्रेमच्या भावाला द्यायला तयार झाले. घेतोय.

रंग काढू का?

पितळी

काढा, पण वाळूच्या माऱ्याने नाही. ०.६ मिमीच्या भिंतीवर आणि त्या पातळ केलेल्या लगच्या टोकांवर खरखरीत मारा झाला तर कडा गोल होतात. पावडर कोटसाठी रासायनिक स्ट्रिपर लावा, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. खाली मूळ रंगाचे थर लागले तर तिथे थांबा. हेड ट्यूब आणि डाउन ट्यूबवर ओल्या बारीक पॉलिश पेपरने अगदी हळू घासत जा. पाण्यात भिजवून लावलेल्या जुन्या स्टिकरखालचा रंग उन्हाने उडालेला नसतो, अक्षरांची सावली राहते. बऱ्याच बिननावी फ्रेमची नावं अशीच सापडली आहेत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका.

ईस्ट_मिडलंड्स

सावली सापडली किंवा नाही सापडली, तरी नंबर, सीटस्टेच्या टोकांचे आणि शेलच्या आतले फोटो इकडच्या, इंग्लंडमधल्या व्हेटरन-सायकल क्लबकडे पाठवा. त्यांच्याकडे एकेका बांधणाऱ्याचा अभ्यास असलेले लोक आहेत. नुसते चार आकडे अनेकांचे जुळतील, टोकांच्या घडणीवरून ते यादी लहान करतात. फोटोत मोजपट्टी धरा, आणि नंबर कोणत्या बाजूने वाचला जातो, म्हणजे डोकं डाव्या कपकडे की उजव्या, तेही लिहा. त्यावरूनही फरक करतात.

नदीकाठ

आकड्यांची डोकी डाव्या कपकडे आहेत. स्ट्रिपर शनिवारी आणतो, फोटो इथेच टाकेन.